लबाडाची भरभराट आणि ख्रिस्ती आशा: स्तोत्र ७३ समजून घेताना

कॅथॉलिक ख्रिस्तसभेने २०२५ हे ज्युबिली वर्ष, म्हणजे क्षमेचे आणि तीर्थयात्रेचे खास वर्ष, म्हणून पाळले. २४ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाचे पवित्र द्वार उघडले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी ते बंद झाले. 'आशेचे यात्रेकरू' हे या वर्षाचे बोधवाक्य होते. पण ही आशा नेमकी कशाची, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'मेल्यावर स्वर्ग मिळेल' एवढ्यावर थांबते. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. एक जण लोकांचे पैसे बुडवून बंगला बांधतो, दुसरा आयुष्यभर सरळ वागून भाड्याच्या खोलीत म्हातारा होतो. या दुसऱ्याला ख्रिस्ती धर्म फक्त 'मेल्यावर बघू' असे सांगतो का?

हा प्रश्न बायबलमध्येच विचारलेला आहे, तोही थेट देवाला. स्तोत्रसंहितेतले ७३वे स्तोत्र याच विषयावर आहे. २८ कडव्यांच्या या प्रार्थनेत हेव्याची सुरुवात, त्याचा कळस आणि त्यातून सुटका असा सगळा प्रवास आहे. येशूच्या शिकवणीतली सार्वकालिक जीवनाची कल्पना समजून घ्यायची तर इथून सुरुवात करणे सोपे जाते.

हेवा, लोभ आणि चीड

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने हेव्याची केलेली व्याख्या आजही उपयोगी पडते: दुसऱ्याच्या भल्याचे दुःख. लोभात नजर वस्तूवर असते. शेजाऱ्यासारखी गाडी आपल्याला मिळाली की तो तात्पुरता शमतो. हेव्यात नजर माणसावर असते. आपल्याला काही मिळाले नाही तरी चालते, त्याची गाडी भंगारात गेली की बरे वाटते. तिसरी भावना चिडीची. त्याने मजुरांची मजुरी मारून गाडी घेतली, म्हणून येणारा राग.

ख्रिस्ती परंपरा पहिल्या दोन्ही भावनांना पाप मानते. दहा आज्ञांच्या शेवटी शेजाऱ्याचे घर, बायको, दास, बैल, गाढव यांचा लोभ धरू नको असे सांगितले आहे, आणि ख्रिस्तसभेने हेव्याची गणना सात मूळ पापांत केली. चिडीला मात्र सरसकट पाप म्हटलेले नाही. जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा तुटून पडला तो याच चिडीने.

अडचण अशी की मनात या तीन भावना वेगवेगळ्या राहत नाहीत. न्यायाची भाषा बोलता बोलता माणूस त्याच्याच जागेवर डोळा ठेवून बसतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. स्तोत्र ७३ चा कवी आसाफ इथेच अडकला होता. त्याला दिसलेला अन्याय खरा होता. पण तिसऱ्याच कडव्यात तो कबूल करतो की गर्विष्ठांचा मला हेवा वाटला. ही कबुली अन्यायाच्या वर्णनाच्या आधी येते, आणि म्हणूनच पुढच्या तक्रारीवर विश्वास बसतो.

स्तोत्राची रचना

पहिल्या १२ कडव्यांत आसाफ काय पाहतो ते येते. दुष्ट लोक धष्टपुष्ट आहेत, इतरांच्या वाट्याला येणारे कष्ट त्यांना नाहीत, गर्व ते गळ्यातल्या हारासारखा मिरवतात, त्यांचे तोंड आकाशाविरुद्धही उघडते, आणि लोक तरीही त्यांच्याच मागे जातात. इथे थोडे थांबायला हवे, कारण हे वर्णन पुरते खरे नाही. दुष्टांनाही आजार होतात, त्यांचीही मुले मरतात. हेवा नेमके हेच करतो. समोरच्याच्या आयुष्याचा उजेडातला भाग तेवढा पाहतो आणि तोच पूर्ण हिशेब धरतो. स्तोत्र हे वर्णन दुरुस्त करत बसत नाही. हेवा वाटणाऱ्याला जग जसे दिसते तसेच ते मांडते.

१३ ते १६ या कडव्यांत तो खचतो. आपण मन शुद्ध ठेवले, हात स्वच्छ ठेवले, ते सगळे व्यर्थ, असे तो म्हणतो. तरी १५व्या कडव्यात एक खबरदारी आहे: हे मी चारचौघांत बोललो असतो तर देवाच्या लेकरांचा घात केला असता. म्हणजे तो गप्प बसला नाही, पण बोलण्यासाठी त्याने जागा निवडली. चारचौघांत बोलायचे टाळले आणि देवापुढे बोलला.

१७व्या कडव्यात वळण येते. तो देवाच्या पवित्रस्थानात गेला आणि तेव्हा त्याला 'त्यांचा शेवट' कळला. मंदिरात त्याने काय पाहिले हे स्तोत्र सांगत नाही. दृष्टान्त झाला, आकाशवाणी झाली, असे काही नाही. उपासनेत उभे राहिल्यावर मोजमाप बदलले, एवढेच दिसते. तोवर तो स्वतःला त्या श्रीमंतांच्या शेजारी उभे करून मोजत होता. आता मोजणारा देव होता.

१८ ते २८ या शेवटच्या भागाकडे वाचक अनेकदा चुकीच्या अपेक्षेने जातो. दुष्ट निसरड्या जागी आहेत, जागे झाल्यावर स्वप्न विरावे तसे विरून जातील, हे १८ ते २० या तीन कडव्यांतच संपते. शत्रूच्या नाशाचे चित्र रंगवत बसायला आसाफ थांबत नाही. लगेच तो स्वतःकडे वळतो: मी मूढ होतो, तुझ्यापुढे पशूसारखा होतो. मग येतो स्तोत्राचा गाभा. तरी मी सतत तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरला आहेस, आपल्या सल्ल्याने मला चालवशील आणि पुढे गौरवात घेशील. स्वर्गात मला तुझ्यावाचून कोण आहे? माझा देह आणि मन खचले तरी देव हाच सदासर्वकाळ माझा वाटा आहे.

शेवटपर्यंत आसाफला एक पैसाही मिळालेला नाही. त्या लोकांचे काही बिघडल्याचीही नोंद नाही. परिस्थिती जशीच्या तशी आहे आणि हेवा गेला आहे. सार्वकालिक जीवनाच्या आशेबद्दलचा बहुतेक गोंधळ ही एक गोष्ट लक्षात न आल्याने होतो.

ज्याच्या नावावर जमीन नाही

इस्राएलच्या ज्या वंशाकडे उपासनेची सेवा होती त्या लेवी वंशाचा आसाफ होता. दावीद राजाच्या काळी मंदिरसेवेतल्या गायकांचा तो प्रमुख, झांजा वाजवणारा. त्याच्या नावावर १२ स्तोत्रे आहेत: ५०वे, आणि ७३ ते ८३. यातली काही बरीच नंतरची असावीत, कारण त्यांत मंदिराच्या विध्वंसाचे वर्णन आहे आणि तो इ.स.पू. ५८६ मधला. आसाफच्या वंशजांनी पुढे शतकानुशतके ही सेवा चालवली. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या एज्राच्या पुस्तकातल्या यादीत आसाफवंशी गायक १२८ आहेत.

लेवी असण्याचा अर्थ इथे महत्त्वाचा. इस्राएलच्या वंशांत कनान देशाची वाटणी झाली तेव्हा लेवी वंशाला प्रदेशाचा वाटा मिळाला नाही. राहायला ४८ नगरे, त्यांच्याभोवती गुरांसाठी कुरणे, आणि उपजीविकेसाठी इतर वंशांनी द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, एवढीच तरतूद. लेव्यांतल्या याजकांना देवाने सांगितले होते: तुझा वाटा आणि तुझे वतन मीच. आज गावात ज्याच्या नावाचा सातबारा नाही त्याची पत काय असते हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. आसाफ त्या स्थितीत होता, आणि 'देव माझा वाटा' हे त्याने त्याच स्थितीत म्हटले. दुसऱ्याची जमीन पाहून जळणाऱ्या बिनजमिनीच्या माणसाचे ते उद्गार आहेत.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही बायबल लपवत नाही. बंदिवासानंतर यरुशलेमचा अधिपती झालेल्या नहेम्याच्या काळात लोकांनी लेव्यांचा हिस्सा देणे थांबवले. लेवी आणि गायक सेवा सोडून शेतांकडे निघून गेले, कारण पोट भरत नव्हते. नहेम्याने त्यांना 'देव तुमचा वाटा आहे, धीर धरा' असे सांगितले नाही. त्याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतले, दशांश गोळा करायला लावला आणि वाटपासाठी भरवशाची माणसे नेमली. देव हा वाटा आहे या श्रद्धेने भाकरीची जबाबदारी माफ होत नाही, हे इथे अगदी व्यवहाराच्या पातळीवर दिसते.

पुनरुत्थानाची कल्पना कुठून आली

जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या, बऱ्याचशा भागात मृत्यूनंतरचे चित्र अंधूक आहे. मेलेले अधोलोकात जातात, तिथे स्तुती नाही, हालचाल नाही. सरळ वागणाऱ्याला याच जन्मी बरकत आणि दुष्टाला याच जन्मी शिक्षा, हा नियम 'अनुवाद' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात आहे. पण तो प्रत्येक माणसाला तंतोतंत लागू पडत नाही, हे इस्राएलला दिसत होते. निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक याच पेचावर उभे आहे. स्तोत्र ४९ ने उत्तराकडे एक पाऊल टाकले. श्रीमंत लोक जमिनींना आपली नावे देतात पण मरताना काही नेत नाहीत, आणि पैसे भरून भावाला मृत्यूतून सोडवताही येत नाही, असे सांगून कवी पुढे म्हणतो की देव मात्र माझा जीव अधोलोकाच्या तावडीतून सोडवील.

पुढे प्रश्न फार तीव्र झाला. इ.स.पू. १६७ मध्ये अँटिओकस चौथा या राजाने यरुशलेमच्या मंदिराची विटंबना केली आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांना ठार केले. आता देवाशी निष्ठा ठेवली म्हणूनच माणसे मरत होती. या जन्मीच्या बरकतीचा हिशेब त्यांना कसा लावणार? मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ उठतील, हे दानीएलाच्या १२व्या अध्यायातले वचन या छळाशी जोडले जाते. कॅथॉलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भाऊ याच आशेने मृत्यूला सामोरे जातात. मेलेले पुन्हा उठतील ही श्रद्धा न्यायाच्या प्रश्नातून आकाराला आली. मरणाच्या भीतीवर काढलेली ती समजूत नव्हे.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते की ही गोष्ट येशूच्या बाबतीत प्रत्यक्ष घडली. इ.स. ५४ च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय त्यावरच आहे. त्यात तो पळवाट ठेवत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास निरर्थक, आणि फक्त या आयुष्यापुरती आशा असेल तर आम्ही सर्वांहून कीव करण्याजोगे, असे तो लिहितो. अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात तो सांगतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आसाफने १३व्या कडव्यात केलेल्या तक्रारीचे हे उत्तर, काही शतकांनंतरचे.

सार्वकालिक जीवन म्हणजे काय

न संपणारे वय, हा याचा अर्थ नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (१७:३) येशू स्वतः सांगतो: एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन. ही ओळख नात्यातली आहे, माहितीतली नव्हे. त्याच शुभवर्तमानात (५:२४) विश्वास ठेवणाऱ्याला हे जीवन मिळालेच आहे, असा वर्तमानकाळ येतो. मृत्यूनंतर ते पूर्ण होईल, पण सुरुवात इथेच, आजच.

दुसरी गोष्ट, ख्रिस्ती आशा देहासकट आहे. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, 'शरीराचे पुनरुत्थान' म्हटले जाते, आणि नाइसीया मतांगीकारात 'मृतांचे पुनरुत्थान व येणाऱ्या युगातील जीवन'. आत्मा देहातून सुटून ढगांवर जाऊन बसतो, हे चित्र लोकप्रिय असले तरी अर्धवट आहे. पौलाच्या मते सगळी सृष्टी नाशाच्या दास्यातून सुटण्याची वाट पाहते आहे. त्यामुळे इथे केलेले न्यायाचे, दयेचे काम त्या नव्या सृष्टीत फुकट जात नाही.

'म्हणजे मोक्षच की!'

साम्य आहे, आणि ते मान्य करायला काही अडचण नाही. मुक्ती नको, धनसंपदा नको, संतांचा सहवास आणि देवाचे नाम हवे, हे वारकरी परंपरेतले मागणे आसाफच्या २५व्या कडव्याच्या फार जवळचे आहे. फरक दोन ठिकाणी पडतो. ख्रिस्ती विचारात हा जन्म एकच आहे, म्हणून कुणाची श्रीमंती किंवा गरिबी मागच्या जन्मीच्या कर्माने समजावता येत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असे समजू नका, असे येशूने स्पष्ट सांगितले. आणि शेवटी जीव परमात्म्यात विरून जात नाही. प्रत्येक माणूस तो माणूस म्हणूनच देवासमोर राहतो.

'हा तर उधारीवरचा लोभ झाला'

सगळ्यांत वजनदार आक्षेप हा आहे, आणि अनेक ख्रिस्ती प्रवचने त्याला खतपाणी घालतात. इथे त्याचा बंगला, तिथे माझा सोन्याचा महाल, असे सांगितले की हेवा बरा होत नाही. त्याला फक्त पुढची तारीख मिळते. मनातले मोजमाप तेच राहते, आकडे तेवढे बदलतात. अशी आशा ख्रिस्ती शब्दांत सांगितली तरी ख्रिस्ती होत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला यासाठीच वाचावा. मालक पहाटे मजूर लावतो, मजुरी ठरते एक दिनार. ती त्या काळची दिवसाची रीतसर मजुरी. मग तो सकाळी नऊला, दुपारी बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला आणखी मजूर आणतो. सहाला पैसे वाटताना पाचवाल्यांना आधी बोलावून पूर्ण दिनार देतो. पहाटेपासून राबलेल्यांनाही दिनारच मिळतो आणि ते कुरकुर करतात.

पहाटे दिनार ठरला तेव्हा हेच लोक खूश होते. संध्याकाळी हातात पडला तोही दिनारच. बदलले एवढेच की दुसऱ्याच्या हातातला दिनार त्यांना दिसला. मालकाने पहाटेवाल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते तर ते समाधानाने घरी गेले असते. येशू मुद्दाम उलटा क्रम सांगतो, कारण त्याला हेवा उघड्यावर आणायचा आहे. मालकाचा शेवटचा प्रश्न असा की मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपते का? आणि पाचवाल्याच्या घरीही त्या रात्री खाणारी तोंडे पूर्ण दिवसाचीच होती, हेही विसरू नये.

देवाच्या राज्यात मिळणारी गोष्ट वाटल्याने कमी होत नाही. देवाची जवळीक एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची घटत नाही. हेव्याला लागणारी टंचाईच तिथे नाही. म्हणून सार्वकालिक जीवनाची आशा खरी असेल तर ती हेव्याला नंतरचा वायदा देत नाही, त्याचा आधारच काढून घेते.

'गरिबांना गप्प बसवण्याची ही युक्ती आहे'

धर्म ही जनतेची अफू, असे मार्क्सने १८४४ मध्ये लिहिले. या आरोपाला इतिहासात पुरावे आहेत. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. तिच्यातून मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएलची सुटका झाल्याची कहाणीच वगळली होती. हे पाप होते आणि ते ख्रिस्ती हातांनी घडले.

पण ती कहाणी का वगळावी लागली? पूर्ण बायबल गुलामाला गप्प बसवत नाही, हे छापणाऱ्यांना ठाऊक होते. याकोबाच्या पत्राचा ५वा अध्याय श्रीमंतांना सांगतो की तुमच्या शेतात कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्यात जांभळी वस्त्रे नेसणाऱ्या श्रीमंताला नाव नाही, दाराशी पडलेल्या भिकाऱ्याला आहे. पूर्वज अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांतले नाव असलेले हे एकच पात्र. आणि ज्यावरून ज्युबिली हे नाव आले ते लेवीय पुस्तकातले योबेल वर्ष पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाला परत करायला आणि दासांना मोकळे करायला सांगते.

व्यवहारात हे कसे दिसते याचे जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांची श्रद्धा पुरेपूर सार्वकालिक जीवनाकडे लागलेली होती. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणून केडगावला वसवल्या. तिथे त्या स्त्रिया शिकल्या आणि हाताला काम मिळवून उभ्या राहिल्या. मृत्यूनंतरच्या आशेने त्यांचे हात बांधले गेले नाहीत.

अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्याला हेव्यापासून सुटका मिळणे फार गरजेचे असते. हेवा घेऊन लढणारा जिंकला की त्याच खुर्चीत बसतो आणि तेच करतो.

'विश्वास ठेवला की पैसा येतोच, असे पास्टर सांगतात'

याला समृद्धीची सुवार्ता म्हणतात: पुरेसा विश्वास ठेवा, दान पेरा, देव कितीतरी पटीने परत करील. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही शिकवण फोफावली आणि आता ती सगळीकडे ऐकू येते. तिचा आवडता आधार मार्क १०:३० मधले 'शंभरपट' हे वचन. त्याच वाक्यात 'छळासह' हा शब्द आहे, तो बहुधा वाचला जात नाही. हे सांगणारा येशू वधस्तंभावर गेला. पौलाने पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्ले आणि तीन वेळा त्याचे जहाज फुटले. त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणायचे का? २०१० मध्ये केपटाऊनला भरलेल्या जागतिक इव्हँजेलिकल परिषदेनेही ही शिकवण जाहीरपणे नाकारली.

या शिकवणीचा सर्वांत मोठा घाव गरीब विश्वासणाऱ्याला बसतो. पैसा आला नाही की दोष त्याच्या विश्वासाचा ठरतो. म्हणजे हेव्याच्या जोडीला अपराधीपणा.

'मग श्रीमंताने ख्रिस्ती असूच नये का?'

सार्वकालिक जीवनाचा वारसा मिळण्यासाठी मी काय करू, हा प्रश्न येशूला विचारला तो एका धनवानाने. जे आहे ते विकून गरिबांना दे, हे ऐकून तो खिन्न होऊन निघून गेला. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे वचन त्यानंतरचे. यरुशलेमला 'सुई' नावाचे बुटके दार होते आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई, असे प्रवचनांत सांगतात. अशा दाराचा पुरावा नाही. येशूला अशक्य म्हणायचे होते आणि शिष्यांना तेच कळले, म्हणून ते थक्क झाले. त्यावर त्याचे उत्तर: माणसांना अशक्य, देवाला नाही.

लूकच्या शुभवर्तमानात पुढच्याच अध्यायात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार भेटतो. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवून घेतलेले चौपट परत केले. त्याला सगळे विकायला सांगितलेले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात श्रीमंतांना गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, परोपकारी व्हा, असे सांगितले आहे. 'पैसा सर्व पापांचे मूळ' हे वाक्य बायबलच्या नावावर खपते, पण तिथे 'पैशाचा लोभ' असे आहे, आणि तो लोभ खिसा रिकामा असणाऱ्यालाही होतो.

चौथ्या शतकात कॅपडोशियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियाचा बिशप बेसिल यात आणखी पुढे गेला. सुमारे ३६८ च्या दुष्काळाच्या काळातला हा माणूस. कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाच्या दाखल्यावर प्रवचन करताना त्याने श्रीमंतांना सांगितले की तुम्ही साठवलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे. त्याने शहराबाहेर आजारी आणि निराधारांसाठी वसतिस्थान उभारले.

हेवा वाटतो तेव्हा काय करायचे

पहिली पायरी, नाव घेऊन कबुली. 'समाजात फार अन्याय आहे' अशी सर्वसाधारण प्रार्थना पुरत नाही. कुणाचा, कशाचा हेवा वाटतो ते देवापुढे स्पष्ट म्हणावे, आणि त्याच वेळी खरा अन्याय कुठे आहे तोही वेगळा काढावा. अन्यायासाठी तक्रार अर्ज, संघटना, न्यायालय हे मार्ग आहेत. हेव्यासाठी नाहीत.

दुसरी, स्तोत्र पूर्ण म्हणावे. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. कोणी १४व्या कडव्यापाशी थांबतो आणि कडवटपणा भक्तीच्या नावाखाली मुरतो. कोणी पहिली १६ कडवी गाळून थेट समाधानाकडे जातो, आणि दाबलेला हेवा टोमण्यांतून बाहेर पडतो. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमात मठवासीयांनी आठवड्याला १५० स्तोत्रे एकही न वगळता म्हणायची असतात, मन लागो वा न लागो. घरी एवढे जमणार नाही, पण ७३, ४९ आणि ३७ ही तीन एका आठवड्यात सहज बसतात.

तिसरी, मंडळीत जाणे. आसाफचे वळण एकांतात आले नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मालक आणि कामगार एकाच रांगेत उभे राहून तीच भाकर घेतात. करिंथ इथे श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले.

चौथी, मरणाची आठवण. ईस्टरपूर्वीच्या ४० दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. कपाळावर राख लावताना तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असे सांगितले जाते. ते गिरणीमालकाला आणि गिरणी कामगाराला सारख्याच शब्दांत सांगतात.

पाचवी, ज्याचा हेवा वाटतो त्याच्या भल्यासाठी रोज थोडी प्रार्थना. सुरुवातीला शब्द कोरडे निघतात. ते चालेल. त्याने कुणाला लुबाडले असेल तर त्याच्या पश्चात्तापासाठी प्रार्थना करावी, कारण त्याचे खरे भले तेच आहे. आणि लुबाडणूक थांबवण्याचा प्रयत्न सोबत चालू ठेवावा.

सहावी, देणे. किती, याला एकच आकडा नाही. जुन्या करारात दहावा भाग, जक्कयाने अर्धे, मंदिरातल्या विधवेने जवळची दोन्ही नाणी. पौल म्हणतो, जवळ असेल त्या मानाने द्यावे आणि कुरकुरत देऊ नये. घरभाडे, औषध, मुलांची फी थकवून दिलेले दान कुणी भाग पाडून घेत असेल तर नकार द्यावा. रक्कम छोटी असली तरी नियमित असावी, कुणाला सांगू नये, आणि ज्याला दिले त्याच्याकडून आभाराची वाट पाहू नये.